मोलचा पाठ पुन्हा घ्यायचा आहे

पत्र:

बी.एस्सी. रसायनशास्त्र करून बी.एड.ला प्रवेश घेतला. आता पहिले वर्ष चालू आहे, अध्यापन पद्धती विज्ञान आणि गणित. नववीच्या वर्गावर ‘मोल’चा, म्हणजे अणू-रेणू मोजायच्या एककाचा, सराव पाठ घेतला. व्याख्या, अ‍ॅव्होगॅड्रो अंक, सूत्र, चार उदाहरणे असे सगळे टाचणाप्रमाणे (पाठाच्या लेखी आखणीप्रमाणे) झाले, पण मुले गप्प बसून होती. निरीक्षण वहीत शेरा आला: ‘आशय अचूक, वर्ग सोबत नाही.’ पुढचा पाठ आम्ल-आम्लारीचा होता. खडूवर आम्ल टाकले तर काहीच झाले नाही. आम्लारी ओळखायच्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग आला आणि बघता बघता गेला. मुले हसली. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट आणि बोअरचे पाणी. पंधरा दिवसांनी मोलचा पाठ दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायचा आहे. आधी एम.एस्सी. केले असते तर ही वेळ आली नसती का?
– एक छात्राध्यापिका, अमळनेर तालुका

उत्तर:

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याला फार लांबण लावायची गरज नाही.

एम.एस्सी. आधी की बी.एड. आधी, हा क्रम नोकरी देताना कुणी पाहत नाही. सहावी ते आठवीला शिकवायचे तर बी.एस्सी., बी.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. तो पेपर १५० गुणांचा असतो, त्यातले ६० गुण गणित-विज्ञानाचे. नववी-दहावीला बी.एस्सी., बी.एड. चालते. अकरावी-बारावीला रसायनशास्त्रच शिकवायचे असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही हवे. पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. तिच्यात २०० प्रश्न आणि दोन तास असतात, आणि रसायनशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. म्हणून तिचा सराव वेगळा करायचा, विषय चांगला आहे या भरवशावर राहायचे नाही. सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचे मनात असेल तर वाट निराळी आहे: एम.एस्सी. आणि सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. तिथे बी.एड. लागत नाही.

तेव्हा बी.एड. अर्धवट सोडू नका. ते पूर्ण करा आणि मग एम.एस्सी.ला जा. जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे, आणि खानदेशातल्या मोठ्या तालुक्यांच्या कॉलेजांतही चौकशी करता येईल. नोकरी करत करायचे ठरले तर प्रात्यक्षिके कुठे आणि किती दिवस असतात, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. दोन्ही एकदम करण्याच्या फंदात मात्र पडू नका. बी.एड.ला तासांची ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकालाची (इंटर्नशिपची) ९० टक्के हजेरी नियमाने लागते. ‘हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्याकडून पदवी मिळते, पण साठ मुलांसमोर उभे राहिल्यावर सुचत काहीच नाही.

आता खरा प्रश्न. एम.एस्सी. आधी केले असते तरी तो मोलचा पाठ फसलाच असता. एम.एस्सी.त क्वांटम रसायनशास्त्र येते, वर्णपटशास्त्र येते. नववीच्या मुलाला ‘मोल’ ऐकून डोळ्यांपुढे काय दिसते, हे तिथे कुणी शिकवत नाही. ते शिकायची जागा बी.एड. हीच आहे. ती दोन वर्षे रंगीत पेनांनी टाचणे सजवण्यात घालवायची की मुलांच्या डोक्यात काय चालले आहे ते शोधण्यात, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ च्या एका लेखात रसायनशास्त्र अवघड का जाते याचे नेमके कारण मांडले. हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलतो: डोळ्यांना दिसणारे पदार्थ, न दिसणारे अणू-रेणू, आणि फळ्यावरची चिन्हे. शिकवणारा या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो. मूल पहिल्याच पातळीवर उभे असते. तुमच्या पाठात व्याख्या दुसऱ्या पातळीवरची होती, सूत्र आणि उदाहरणे तिसऱ्या पातळीवरची. हातात धरता येईल असे काहीच नव्हते. वर्ग सोबत नव्हता तो यामुळे.

पुन्हा पाठ घेताना टाचणावर ‘मोल: संकल्पना, भाग १’ असे लिहा आणि त्यातून उदाहरणे पूर्ण काढून टाका. पस्तीस मिनिटांत संकल्पना आणि आकडेमोड दोन्ही मावत नाहीत. मार्गदर्शकांशी आधी बोलून घ्या. कारण नीट सांगितले तर हा बदल सहसा मान्य होतो.

घरून अख्खी तूर आणि काबुली हरभरा आणा, शिवाय ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. दाणे निवडून घ्या, किडके आणि फुटके नकोत. दोन गटांना प्रत्येकी शंभर दाणे मोजून वजन करायला सांगा. शंभर तुरीचे साधारण दहा ग्रॅम भरेल, काबुलीचे तीस-चाळीस ग्रॅम. नेमका आकडा तुमच्या दाण्यांवर ठरेल, आणि फळ्यावर तोच लिहायचा. दोघांचे गुणोत्तर काढा. मग दोनशे-दोनशे दाण्यांचे, मग तीनशे-तीनशेचे. गुणोत्तर जवळपास तेच राहते, हे मुलांना स्वतःला दिसू द्या, तुम्ही आधी सांगू नका. आता प्रश्न टाका: गुणोत्तर ३.५ आले असेल, आणि मी एक किलो तूर अन् साडेतीन किलो काबुली आणली, तर दाणे कोणाचे जास्त? वर्गात कुणीतरी ‘सारखेच’ म्हणेल. ते कसे कळले, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. न मोजता, नुसत्या वजनावरून सारखी संख्या घेता येते, हाच मोलचा गाभा आहे.

मग कार्बनवर या. मॅग्नेशिअमचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा दुप्पट जड: २४ आणि १२. तर १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशिअम यांत अणूंची संख्या सारखी. ती संख्या ६.०२२ × १०²³, आणि तेवढ्या कणांच्या समूहाला म्हणायचे मोल. व्याख्या इथे, विसाव्या मिनिटाला. पहिल्या मिनिटाला दिली तर ती नुसती पाठ होते. (२० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ६.०२२१४०७६ × १०²³ या ठरावीक आकड्यावरच बांधली आहे. हे तुम्हाला माहीत असू द्या, नववीला सांगायची गरज नाही.)

उरलेल्या वेळात टेबलावर एक-एक मोलच्या बाटल्या मांडा. पाणी १८ ग्रॅम, म्हणजे १८ मिलिलीटर, जेमतेम एक घोट. मीठ ५८.५ ग्रॅम, खायचा सोडा ८४, लोखंडी खिळे ५६, मोरचूद (कॉपर सल्फेट) २५०, साखर ३४२. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, सूत्र आणि ग्रॅम एवढेच लिहा. बाटल्यांतला माल एवढा कमी-जास्त का दिसतो, हे मुलांनाच सांगू द्या. याच टप्प्यावर एक चूक हमखास होते: मोल म्हणजे वजनाचे माप असे मुलांना वाटू लागते. ‘डझन केळी आणि डझन टरबुजे’ असे विचारले की ते लगेच निघते. दुसरी चूक शिकवणाऱ्याची. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ असे मोघम बोलू नका. अणूंचा मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. प्रत्येक वेळी ‘कशाचा मोल’ ते म्हणा.

आकडेमोडीच्या पुढच्या तासाला युरियाची रिकामी गोणी वर्गात न्या. युरियाचे रेणुवस्तुमान ६०, गोणी ४५ किलोची. ४५,००० भागिले ६० म्हणजे बरोबर ७५० मोल. एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे ६० मधले २८. टक्के काढले की ४६.७ येतात, आणि गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के छापलेलेच असते. शेतकऱ्याच्या पोराला हे गणित पुस्तकातल्या चार उदाहरणांपेक्षा जास्त दिवस आठवते.

आता भाषेचे. तुमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुले असणार. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. प्रमाण मराठीतली परिभाषा त्यांच्यासाठी अर्धी परकीच असते. ‘संहत’ आणि ‘विरल’ हे शब्द ती ‘घट्ट’ आणि ‘पातळ’ असे समजतात. मग गोडेतेल घट्ट दिसते म्हणून ते ‘संहत’ होते आणि सल्फ्युरिक आम्लाची विरल बाटली नेमकी कोणती, याचा गोंधळ होतो. एका ग्लासात एक चमचा मीठ (विरल), दुसऱ्यात पाच चमचे (संहत), दोन्हींत पाणी सारखे, एवढे दाखवून मगच शब्द द्या. ‘साखर वितळली’ हे वाक्य तर जवळपास प्रत्येक वर्गात ऐकू येते. बर्फ वितळतो, साखर विरघळते. पहिल्यात एकच पदार्थ लागतो, दुसऱ्यात दोन.

‘क्षार’ या शब्दाचा घोळ सगळ्यांत चिवट आहे. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ हा क्षार. मुले मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहतात, आणि हिंदीत मिठाला ‘लवण’ म्हणतात, तर ‘क्षार’ म्हणजे अल्क, म्हणजेच पाण्यात विरघळणारी आम्लारी. हिंदीची सवय जास्त असलेल्या भुसावळसारख्या ठिकाणी हा घोटाळा उत्तरपत्रिकेपर्यंत जातो. पहिल्याच तासाला दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहून टाका, म्हणजे वाद मिटतो.

आता फसलेले प्रयोग. दोन्हींची कारणे रसायनशास्त्रातच आहेत, तुमच्या हातात दोष नाही.

फळ्याचे बरेच खडू चुनखडीचे नसून जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचे. कार्बोनेटच नाही तर कार्बन डायऑक्साइड येणार कुठून? संगमरवराचा तुकडा किंवा अंड्याचे कवच घ्या. त्याहून चांगले म्हणजे काळ्या शेतात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे. ते चंचुपात्रात ठेवून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की फसफसून बुडबुडे येतात. ‘आमच्या शेतात चुनखडी आहे’ असे सांगणारे मूल वर्गात असतेच, खडे त्यालाच आणायला सांगा.

फिनॉल्फ्थॅलिनचा रंग जाण्याची दोन कारणे असू शकतात. अल्क फार कमी असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला उदासीन करतो आणि गुलाबी रंग मावळतो. उलट सोडियम हायड्रॉक्साइड अंदाजाने खूप जास्त टाकले असेल, तर अति तीव्र अल्कातही फिनॉल्फ्थॅलिन हळूहळू रंगहीन होते. कोणते झाले ते असे ओळखा: अल्काचा आणखी एक थेंब टाकल्यावर रंग परत आला तर पहिले कारण. नाही आला आणि भरपूर पाणी घातल्यावर थोड्या वेळाने उमटू लागला तर दुसरे. अनुमापन करताना, म्हणजे आम्ल किती अल्काने उदासीन होते ते थेंबाथेंबाने मोजताना, गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की तोच अंतिम बिंदू धरायचा, पुढे ती गेली तरी चालेल.

द्रावणे मापाने करा. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडला लीटरमागे ४ ग्रॅम लागते, पण त्याच्या गोळ्या हवेतले पाणी ओढून घेतात, म्हणून वजनावर विश्वास ठेवता येत नाही. त्याचे प्रमाणीकरण (नेमकी तीव्रता ठरवणे) ऑक्झॅलिक आम्लाने करायचे: लीटरमागे ६.३ ग्रॅम, २५० मिलिलीटरला १.५८ ग्रॅम. फिनॉल्फ्थॅलिन १ ग्रॅम, १०० मिलिलीटर अल्कोहोलमध्ये, आणि एका वेळी दोनच थेंब. २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलीटर हवे असेल तर ७० मिलिलीटर पाणी घ्या, त्यात १७ मिलिलीटर संहत आम्ल हळूहळू सोडा, मग पाण्याने शंभर करा. आम्ल नेहमी पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत ही चूक चेहऱ्यावर उडते.

बोअरचे पाणी हा आपल्याकडचा मोठा अडथळा आहे. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकले की कॅल्शिअम-मॅग्नेशिअममुळे द्रावण दुधाळ होते. सिल्व्हर नायट्रेटची क्लोराइड चाचणी नुसत्या पाण्यालाच पांढरी येते, मग कोणत्या क्षारात क्लोराइड आहे ते कसे सांगणार? बायकार्बोनेटमुळे अनुमापनाचा अंतिम बिंदूही सरकतो. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी दुकानात मिळते, त्याचा एक कॅन पुरे. बोअरचे पाणी फेकू मात्र नका. दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी आणि सारखाच साबण घालून, एकीत बोअरचे आणि एकीत डिस्टिल्ड, दहा वेळा हलवा. फेसाचा फरक दिसला की दुष्फेन (साबणाचा फेस न होणाऱ्या) पाण्याचा पाठ तिथेच सुरू करता येतो.

दर्शक नसेल तर जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या ५० मिलिलीटर गरम डिस्टिल्ड पाण्यात भिजवा. तो अर्क आम्लात लाल-गुलाबी, अल्कात हिरवा होतो. हळद फक्त अल्क दाखवते, आम्लात पिवळीच राहते. हे माहीत नसल्याने पुष्कळ पाठ अडतात.

त्या कुलूपबंद कपाटाविषयी एक कळकळीची सूचना. कपाट उघडाल तेव्हा ईथरची जुनी बाटली आढळली तर ती हलवू नका, उघडू नका, थेट मुख्याध्यापकांना सांगा. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइडे साचतात आणि त्यांचा स्फोट होऊ शकतो. शिवाय ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये बंद खोलीत पारा त्याच्या पुढे सहज जातो. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून थंड करा, तोंड खिडकीकडे ठेवा. काचेच्या मापी चंबूवर सहसा २० किंवा २७ अंश लिहिलेले असते. २७ चा चंबू ४२ अंशांच्या पाण्याने भरला तर लीटरमागे सुमारे ५ मिलिलीटरचा फरक पडतो. शाळेच्या प्रयोगाला तो चालतो, पण बारावीच्या प्रात्यक्षिकाला सकाळची वेळ धरणे बरे.

विस्थापन अभिक्रियेचा (एक धातू दुसऱ्याला त्याच्या संयुगातून बाहेर काढतो तिचा) पाठ येईल तेव्हा मोरचूद कृषी सेवा केंद्रातून आणा. ५ ग्रॅम ५० मिलिलीटर पाण्यात घाला, खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासून त्यात सोडा. तेलकट किंवा गंजलेला खिळा असेल तर काही होत नाही. जस्ताचा मुलामा असलेला खिळा असेल तर तांबे साचते, पण ते जस्तामुळे, आणि तुम्ही मात्र लोखंडाचे समीकरण लिहीत असता. तांब्याचा थर नीट दिसायला वीसेक मिनिटे लागतात. म्हणून खिळा तिसऱ्याच मिनिटाला सोडा आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला बाहेर काढा, मधल्या वेळात क्रियाशीलता श्रेणी घ्या. टाचणात ‘प्रयोग’ शेवटी लिहायची सवय असते, पण वेळ खाणारा प्रयोग सुरुवातीलाच लावायला हवा. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे फवारणीचे औषध, लोखंडी भांड्यात करू नये, हे शेतकरी जाणतात. चाकूचे पाते त्या मिश्रणात बुडवल्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, हीही त्यांचीच पारख. तीच अभिक्रिया तुम्ही फळ्यावर लिहीत आहात, हे मुलांना दिसू द्या. वापरलेले मोरचुदाचे द्रावण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते माशांना घातक असते.

दोन नियम मात्र मोडू नका. पहिला: जो प्रयोग वर्गात करायचा तो आदल्या दिवशी त्याच बाटलीतल्या रसायनाने, त्याच पाण्यात, त्याच खिळ्यांनी करून पाहा. बी.एड. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमलेला प्रयोग शाळेत फसतो तो रसायने आणि पाणी वेगळे असल्यामुळे. दुसरा: सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे सहाध्यायींसमोर छोटा पाठ घेऊन सुधारण्याचे, ते ३६ मिनिटांचे चक्र उरकून टाकू नका. सहा मिनिटे पाठ, सहा प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकणे), बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. पुष्कळ ठिकाणी पहिली बारा मिनिटे होतात आणि बाकीची वहीत भरली जातात. खरे शिकणे त्या बारा मिनिटांच्या पुनर्नियोजनात असते. मोलचा पाठ दुसऱ्या तुकडीवर घेण्याआधी मैत्रिणींसमोर फक्त दाण्यांचा भाग करा. त्यांना एकच गोष्ट बघायला सांगा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबता. तीनच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकत असाल, तर पहिल्या तुकडीतली मुले गप्प का होती त्याचे निम्मे कारण तिथेच सापडेल.

आणि पाठाच्या दिवशी फळ्यावर शीर्षक लिहू नका. तुरीची पिशवी टेबलावर ठेवा आणि विचारा, ‘यात दाणे किती असतील? न मोजता सांगायचे.’ मग थांबा.